मराठवाड्यातील सामान्य वापरकर्त्यांना विकेंद्रित समाजमाध्यमाकडे कसे वळवावे?

मांजराकाठ, लातूर

सर्वांना नमस्कार. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत आम्ही काही कृषी पदवीधर, शिक्षक आणि सार्वजनिक ग्रंथालयांचे कार्यकर्ते मिळून शेतीविषयक माहितीचे व्हॉट्सॲप गट चालवतो. २०२२च्या खरिपात आपल्या भागात सोयाबीनच्या कोवळ्या रोपांवर गोगलगायींचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्या वेळी या गटांवर अतिशय मोलाची चर्चा झाली. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात ठेवून सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी गोळा कशा कराव्यात, बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा कसा टाकावा, विषारी आमिष वापरताना जनावरे आणि कोंबड्या कशा सांभाळाव्यात, हे सारे शेतकऱ्यांनीच एकमेकांना छायाचित्रांसह सांगितले. पुढच्या हंगामात नव्याने आलेल्यांनी तेच प्रश्न विचारले, तेव्हा जुने संदेश त्यांना दिसत नव्हते, उत्तरे देणाऱ्यांपैकी कित्येकांचे फोन बदलले होते, आणि ती माहिती आम्हाला पुन्हा पहिल्यापासून गोळा करावी लागली. दुसरीकडे, आमच्या एका मित्रसंस्थेचे पान एका मोठ्या समाजमाध्यमाने कारण न कळवता बंद केले. दाद मागण्यासाठी पाठवलेल्या पत्रांना यंत्राने लिहिलेली ठरावीक उत्तरे आली आणि अनेक वर्षांची छायाचित्रे व टिपणे गेली.

या अनुभवांनंतर आम्ही मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित माध्यमांचा अभ्यास सुरू केला. एकाच कंपनीच्या ताब्यात सगळे नसून अनेक संस्थांनी आपापले सर्व्हर (माहिती साठवून इतरांना पुरवणारे संगणक) चालवावेत, आणि तरीही एका सर्व्हरवरील माणसाला दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाचे लिखाण वाचता यावे, त्याला उत्तर देता यावे, ही कल्पना आम्हाला मनापासून पटली आहे. अडचण आहे ती इतरांना पटवण्याची. आम्ही परिचितांना खाती उघडून दिली, सभांमधून विषय मांडला, कंपन्या आपली माहिती कशी वापरतात हेही सांगितले. लोकांनी ऐकून घेतले, मान डोलावली, एकदा आत येऊन पाहिले आणि पुन्हा आले नाहीत.

ज्यांनी प्रत्यक्ष असे काही चालवले आहे त्यांच्याकडून मला जाणून घ्यायचे आहे की मराठवाड्यासाठी स्वतंत्र सर्व्हर उभारणे योग्य ठरेल का, त्याचा खर्च आणि जबाबदारी कोणी घ्यावी, आणि सामान्य शेतकऱ्याला किंवा गृहिणीला ही गोष्ट कोणत्या मार्गाने सांगितली तर ती त्यांच्या उपयोगाची वाटेल.


गोदातीर, नांदेड

मांजराकाठ सर, मी एक लहान सर्व्हर सांभाळतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आपण सभांमधून जे सांगितले त्यात चुकीचे काही नाही, परंतु त्यामुळे माणूस एकदाच येतो. याचा पुरावा या माध्यमाच्या इतिहासातच आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर भारतातील पुष्कळ लोकांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनवर खाती उघडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी इलॉन मस्क यांच्याकडे गेल्यावर हीच लाट जगभर आली आणि त्या वर्षाच्या अखेरीस मॅस्टोडॉनच्या मासिक सक्रिय वापरकर्त्यांची संख्या २५ लाखांच्या घरात गेली. दोन्ही वेळा लाट ओसरली. लोक जुन्या ठिकाणावर रागावून आले होते, नव्या ठिकाणी त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते, आणि ज्यांच्याशी बोलायचे ती माणसे जुन्याच ठिकाणी होती. स्वदेशीचा मुद्दाही पुरेसा पडत नाही. २०२०मध्ये सुरू झालेले कू हे भारतीय माध्यम मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध होते, अनेक मंत्री आणि कलावंत त्यावर होते, तरी जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले. तेही एकाच कंपनीचे होते, त्यामुळे कंपनी थांबली तेव्हा सगळे थांबले.

मग लोकांना काय सांगावे? माझे स्पष्ट मत असे आहे की विकेंद्रीकरणाविषयी सुरुवातीला काहीच सांगू नये. आपल्या गटाच्या कामातली एखादी अशी अडचण निवडावी जी व्हॉट्सॲपवर सुटत नाही आणि येथे सुटते, आणि तेवढेच करून दाखवावे. आपल्याच गोगलगायींच्या उदाहरणात ती अडचण आहे. मॅस्टोडॉनवरील सार्वजनिक नोंद (पोस्ट) खाते नसलेल्या माणसालाही दुव्यावरून सरळ वाचता येते, तर बहुतेक मोठी माध्यमे काही ओळी दाखवून लगेच खाते उघडायला सांगतात. म्हणजे आपण माहिती येथे लिहावी, तिचा दुवा नेहमीच्या व्हॉट्सॲप गटात टाकावा, आणि शेतकऱ्याने कोणतेही ॲप न घेता ती वाचावी. पहिल्या हंगामात एवढेच होऊ द्या. ज्याला उलट प्रश्न विचारावासा वाटेल तो खाते उघडण्याबद्दल स्वतः विचारील, आणि असा माणूस टिकतो.

लोक एकदा आत येऊन पुन्हा का येत नाहीत, याचे तांत्रिक कारणही समजून घ्यायला हवे, कारण ते आपल्या हातात आहे. येथे काय दाखवायचे हे ठरवणारी यंत्रणा पाठीमागे नसते. आपण ज्यांना अनुसरतो (फॉलो करतो) त्यांच्याच नोंदी काळाच्या क्रमाने दिसतात, आणि कोणालाच अनुसरले नसेल तर पडदा रिकामा राहतो. लहान सर्व्हरवर हे अधिकच जाणवते, कारण सर्व्हरवरील कोणी तरी ज्यांना अनुसरतो अशाच बाहेरच्या खात्यांच्या नोंदी त्या सर्व्हरपर्यंत पोहोचतात. पाच-सहा जणांचा नवा सर्व्हर बाहेरच्या जगाविषयी जवळजवळ अनभिज्ञ असतो. त्यामुळे दार उघडण्याआधी आपल्या मूळ गटाने दोन-तीन महिने तेथे नियमित लिहावे, बाहेरच्या मराठी आणि शेतीविषयक खात्यांना अनुसरावे, आणि मगच निमंत्रण द्यावे. मॅस्टोडॉनमध्ये निमंत्रणाचा दुवा तयार करताना अशी सोय आहे की त्या दुव्यावरून येणारा माणूस निमंत्रण देणाऱ्याला आपोआप अनुसरू लागतो. शिवाय कोणाकोणाला अनुसरावे याची यादी एका फाइलमधून एकदम भरता येते. जिल्ह्यावार किंवा पिकांनुसार अशा याद्या तयार ठेवल्या तर नव्या माणसाचा पडदा पहिल्याच दिवशी भरलेला दिसेल. प्रत्येक नोंदीची भाषा मराठी अशी लावण्याची सवयही सुरुवातीपासून लावावी. त्यामुळे सार्वजनिक नोंदींमधून केवळ मराठी नोंदी वेगळ्या काढता येतात.

स्वतंत्र सर्व्हर उभारावा का, याचे उत्तर आपल्याकडे तो सांभाळणारी किमान दोन माणसे आहेत का यावर अवलंबून आहे. मॅस्टोडॉनचे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्त आहे, परंतु ते रूबी ऑन रेल्स या प्रणालीवर चालते, त्याला माहिती साठवण्यासाठी पोस्टग्रेस आणि रेडिस ही सॉफ्टवेअर लागतात, पार्श्वभूमीची कामे साइडकिक हे आणखी एक सॉफ्टवेअर उरकते, आणि यांतील काहीही अडले तरी नोंदी पोहोचेनाशा होतात. बाहेरच्या सर्व्हरवरील छायाचित्रांच्या प्रती आपल्याकडे साठत जातात व त्या ठरावीक काळाने काढून टाकल्या नाहीत तर डिस्क भरते. पूर्ण मजकुरात शोध हवा असेल तर इलॅस्टिकसर्च हे शोधाचे सॉफ्टवेअर वेगळे बसवावे लागते आणि त्याला बरीच स्मृती (मेमरी) लागते. ते नसेल तर शोध प्रामुख्याने हॅशटॅगवरच होतो. आपल्याला माहिती पुढच्या हंगामात सापडायला हवी आहे, म्हणून हॅशटॅगची शिस्त आधीच ठरवून घ्या. थोड्या माणसांसाठी गोटूसोशल हे हलके सॉफ्टवेअर पुरते आणि ते साध्या भाड्याच्या सर्व्हरवर चालते. त्याहून छोटी वाटणारी एक अडचण आम्हाला फार काळ सतावत होती. खाते पक्के करण्यासाठी पाठवलेली ईमेल लोकांच्या स्पॅममध्ये जात असे आणि लोक समजत की नोंदणी झालीच नाही.

जबाबदारीविषयी मॅस्टोडॉनचा एक लिखित करार आहे. ज्या सर्व्हरना मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचे असते त्यांना रोज प्रत साठवणे, द्वेषपूर्ण लिखाणावर लक्ष ठेवणे, आणीबाणीत दुसऱ्या किमान एका व्यक्तीकडे सर्व्हरचा ताबा असणे आणि बंद करायचे झाल्यास वापरकर्त्यांना किमान तीन महिने आधी कळवणे, या गोष्टी मान्य कराव्या लागतात. यादीत जायचे नसले तरी हा करार आपण स्वतःहून स्वीकारावा. सर्व्हर बंद पडतात, हे लपवू नये. माणसाला दुसऱ्या सर्व्हरवर जाता येते आणि त्याचे अनुयायी त्याच्याबरोबर जातात, मात्र जुन्या नोंदी नव्या खात्यात जात नाहीत.

मालकीसाठी सहकारी संस्थेचा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. २०१७पासून चालत आलेला सोशल डॉट को-ऑप हा मॅस्टोडॉन सर्व्हर सभासदांच्या वर्गणीवर आणि मतदानावर चालतो. आपल्या भागात पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने यांमुळे भाग, सभासद, वार्षिक सर्वसाधारण सभा, लेखापरीक्षण हे सगळे गावागावांत ठाऊक आहे. संस्था दोन-चार घराण्यांच्या हाती कशी जाते, हेही ठाऊक आहे. म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो. सर्व्हरचे डोमेन नाव (इंटरनेटवरील पत्ता) कोणा एका कार्यकर्त्याच्या मोबाइल क्रमांकावर आणि बँक कार्डावर नोंदवू नका, ते संस्थेच्या नावावर घ्या आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या इतिवृत्तात लिहून ठेवा. ज्याच्या हाती डोमेन, त्याच्या हाती सर्वांची ओळख असते.


बिंदुसरा, बीड

गोदातीर सरांनी सर्व्हरच्या बाजूने लिहिले आहे. मी महिला बचत गटांना मोबाइल शिकवते, त्या अनुभवावरून वापरणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

विकेंद्रित माध्यमे समजावून सांगताना जवळजवळ प्रत्येक लेखात ईमेलचे उदाहरण दिलेले असते: एका कंपनीच्या पत्त्यावरून दुसऱ्या कंपनीच्या पत्त्यावर पत्र जाते, तसेच हे आहे. आमच्याकडे हे उदाहरण लागू पडत नाही, कारण बहुसंख्य बायकांनी स्वतः कधी ईमेल पाठवलेली नसते. त्यांच्या फोनमध्ये जीमेल खाते असते, पण ते फोन विकत घेताना दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड दुकानदारालाही आठवत नाही. त्यांची डिजिटल ओळख म्हणजे मोबाइल क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी. मॅस्टोडॉन आणि ब्ल्यूस्काय (ट्विटरसारखे दुसरे एक माध्यम) दोन्हीकडे नोंदणीला ईमेल लागते, त्यामुळे आमची निम्मी माणसे दारातच थांबतात. शिबिरात पहिला तास ईमेल खाते नीट लावून पासवर्ड वहीत लिहून घेण्यातच जाऊ द्यावा. घाईने दहा खाती उघडण्यापेक्षा तीन बायकांना आपापल्या खात्यात दुसऱ्यांदा स्वतः शिरता आले, तर ते काम पुढे चालते.

सर्व्हर निवडण्याचा प्रश्न नवख्या माणसासमोर मुळीच ठेवू नये. मॅस्टोडॉनच्या निर्मात्यांनाही हे जाणवले आणि मे २०२३ मध्ये त्यांनी आपल्या ॲपमध्ये एक ठरावीक सर्व्हर आधीच निवडलेला ठेवून बाकीचे पर्याय मागे नेले. आपण तर निमंत्रणाचा दुवाच देणार आहोत, तेव्हा तो क्यूआर कोडच्या रूपात कागदावर छापून द्यावा. दोन वेळा ॲट (@) येणारा खात्याचा लांब पत्ता फळ्यावर लिहून दाखवला की बायका गोंधळतात.

मोबाइल क्रमांकाशी ओळख बांधलेली नसण्याचा एक मोठा फायदाही आहे, आणि तो बीड जिल्ह्यात विशेष जाणवतो. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या कुटुंबांत फोन बहुधा एकच असतो, तो कधी नवऱ्याकडे तर कधी मुलाकडे असतो, आणि हंगामात सिम बदलले की व्हॉट्सॲपचे गट सुटतात. ज्या बाईचे खाते नाव आणि पासवर्डावर चालते ती कारखान्याच्या तळावरून, दुसऱ्या कोणाच्याही फोनवरून आपल्या जागी परत येऊ शकते. खरे नाव किंवा छायाचित्र देण्याची सक्ती नसणे, हेही आमच्या गटांतील बायकांना आवडले. मजुरीच्या उचलीबद्दल किंवा मुकादमाच्या वागण्याबद्दल स्वतःच्या नावाने लिहिण्याची हिंमत कोणी करणार नाही.

याच कारणासाठी एक गोष्ट त्यांना पहिल्या दिवशी सांगितलीच पाहिजे. मॅस्टोडॉनवर एका व्यक्तीपुरता म्हणून पाठवलेला संदेश व्हॉट्सॲपप्रमाणे टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याने ठरवले तर तो वाचता येतो. तसेच एकदा सार्वजनिक केलेली नोंद खोडली तरी दुसऱ्या सर्व्हरवर गेलेली तिची प्रत जाईलच याची खात्री नसते. ‘येथे सगळे सुरक्षित आहे’ असे सांगून बायकांना आणणे हा त्यांच्या विश्वासाचा अपमान होईल. खाजगी बोलायचे ते व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवर बोलावे, चारचौघांत सांगण्यासारखे ते येथे सांगावे, असे आम्ही सांगतो आणि ते त्यांना लगेच समजते.

मॅस्टोडॉनचे भाषांतर स्वयंसेवक क्राउडिन या संकेतस्थळावर करतात. ज्या आठ-दहा पडद्यांवर नवीन माणूस अडतो तेवढ्या पडद्यांचे सोपे मराठी आपण सगळ्यांनी मिळून केले, तर ते मराठवाड्यापुरते न राहता सर्व मराठी वापरकर्त्यांना मिळेल.


दुधनाकाठ, जालना

मला थोडा वेगळा मार्ग सुचवावासा वाटतो. मांजराकाठ सरांची मूळ गरज माहिती टिकण्याची आणि सापडण्याची आहे, आणि त्यासाठी समाजमाध्यमाचा सर्व्हर उभारणे आवश्यकच आहे असे मला वाटत नाही. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर उभारावे आणि त्यात ॲक्टिव्हिटीपबचे प्लगइन (वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर) बसवावे. ॲक्टिव्हिटीपब ही सर्व्हरांनी आपसात बोलण्याची नियमावली आहे आणि वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिलेली आहे. प्लगइन बसवले की मॅस्टोडॉनच्या कोणत्याही वापरकर्त्याला संकेतस्थळाला अनुसरून त्यावरील लेख तेथूनच वाचता येतात, त्याने दिलेले उत्तर लेखाखाली येते, आणि लेख मात्र आपल्याच डोमेनवर राहून गूगलच्या शोधातही सापडतो. रोजच्या गप्पांसाठी आधीपासून नीट चालणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर खाती उघडावीत. दोन वर्षांनी माणसे जमली, तर आपला सर्व्हर काढून तेथे स्थलांतर करता येईल.

तरुण मुलांसाठी ब्ल्यूस्कायचाही विचार व्हावा. २०१९मध्ये ट्विटरच्या आतच सुरू झालेला हा प्रकल्प पुढे स्वतंत्र कंपनी झाला आणि फेब्रुवारी २०२४पासून निमंत्रणाशिवाय सर्वांना खुला आहे. तेथे स्वतःचे डोमेन हेच खात्याचे नाव म्हणून वापरता येते, आणि कोणाला अनुसरावे याचा तयार संच एका दुव्याने देता येतो. नवख्याला ते ट्विटरसारखे ओळखीचे वाटते.


गोदातीर, नांदेड

वर्डप्रेसची सूचना उत्तम आहे आणि मी ती माझ्या सूचनेच्या आधी ठेवीन. ब्ल्यूस्कायबद्दल एवढेच की त्याची रचना विकेंद्रित होऊ शकणारी असली, तरी आज तेथील बहुसंख्य खाती एकाच कंपनीच्या यंत्रणेवर आहेत. आपल्या मित्रसंस्थेवर आलेला प्रसंग तेथे येणार नाही, असे आश्वासन आपण लोकांना देऊ शकणार नाही.


मांजराकाठ, लातूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आधी संकेतस्थळ आणि मग माणसे, हा क्रम आम्हाला पटतो आहे. एक प्रश्न उरतो आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. गेल्या काही वर्षांत आरक्षणाच्या प्रश्नावरून आपल्या गावागावांत ताण आहे, निवडणुकीच्या काळात तो वाढतो, आणि व्हॉट्सॲप गटांवर काय चालते ते आपण सगळे पाहतो. आमच्या सर्व्हरवर कोणी दुसऱ्या समाजाविषयी विखारी लिहिले तर ते काढण्याचा अधिकार कोणाचा आणि कायद्याने जबाबदार कोण?


तेरणेकाठ, धाराशिव

मी वकिली करतो, त्यामुळे कायद्याचा भाग आधी सांगतो. दुसऱ्यांचे लिखाण साठवून दाखवणारा, म्हणजे आपला सर्व्हर चालवणारी संस्था, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार मध्यस्थ ठरते. त्या कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे इतरांनी लिहिलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला संरक्षण मिळते, पण ते आपोआप मिळत नाही. २०२१च्या नियमांप्रमाणे आवश्यक ती दक्षता घेतली, तरच ते टिकते. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर त्या नियमांनी जादा बंधने घातली आहेत व ती आपल्याला लागू होणार नाहीत. मात्र सर्व्हर शंभर माणसांचा असला तरी वापराचे नियम प्रसिद्ध करणे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क ठळकपणे देणे, आणि न्यायालयाचा किंवा अधिकृत शासकीय यंत्रणेचा आदेश आल्यास मुदतीत मजकूर काढणे हे करावेच लागते. शाळकरी मुलांना खाती देण्याचा विचार असेल तर थांबा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती बंधनकारक केली आहे. माझा सल्ला असा की सुरुवातीला खाती फक्त प्रौढांनाच द्यावीत आणि नोंदणी अर्ज पाहून मंजूर करण्याच्या पद्धतीवर ठेवावी. ही सोय मॅस्टोडॉनमध्ये आहे.

विकेंद्रित माध्यम सरकारी आदेशापलीकडे असते, असा समज काही उत्साही लोक पसरवतात. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधील सुरक्षेचे कारण देऊन केंद्र सरकारने १४ संदेश-ॲपवर बंदी घातली, त्यांत ब्रायर आणि मॅट्रिक्स या विकेंद्रित व्यवस्थेवर चालणारे एलिमेंट हीदेखील होती. त्या निर्णयावर मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतले आणि मला ते योग्य वाटतात. परंतु लोकांना माध्यमाकडे बोलावताना ही घटना आपण लपवू नये.

आता विखारी लिखाणाविषयी. बाहेरून येणाऱ्या विखाराला येथे चांगला इलाज आहे, कारण प्रत्येक सर्व्हरला दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडण्याचा अधिकार असतो. जुलै २०१९ मध्ये द्वेषपूर्ण लिखाणासाठी कुप्रसिद्ध असलेले गॅब हे अमेरिकी माध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले. सॉफ्टवेअर मुक्त असल्यामुळे त्याला कोणी रोखू शकले नाही, पण असंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध ठेवला नाही आणि ते एकाकी राहिले. अवघड आहे तो आतला विखार. मोठ्या कंपनीत नोंद काढणारा माणूस कोण, कुठे राहतो, हे कोणालाच ठाऊक नसते. तालुक्याच्या गावात मात्र सर्व्हर सांभाळणाऱ्याचे घर, त्याची जात, त्याचा भाऊ कोणत्या पक्षात आहे, हे सगळ्यांना माहीत असते. त्याने एका समाजाच्या मुलाची नोंद काढली की दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावर माणसे उभी राहतात. हा धोका मला काल्पनिक वाटत नाही, कारण व्हॉट्सॲप गटांच्या ॲडमिनवर असे दबाव आलेले मी माझ्या कामात पाहिले आहेत.

म्हणून निर्णय एका माणसाच्या नावाने कधीही जाऊ देऊ नये. निरनिराळ्या जिल्ह्यांतील आणि निरनिराळ्या समाजांतील पाच किंवा सात जणांची समिती असावी, तिच्यात बायका असाव्यात, निम्मे सदस्य त्या-त्या तालुक्याबाहेरचे असावेत, आणि नोंद काढल्याचे पत्र समितीच्या नावाने, नियमाचा क्रमांक देऊन जावे. संबंधिताला समितीपुढे म्हणणे मांडता यावे आणि निकाल लेखी मिळावा. आपल्या मित्रसंस्थेला जे मिळाले नाही ते, म्हणजे कारण आणि सुनावणी, आपण आपल्या सभासदाला देऊ शकतो. माझ्या दृष्टीने विकेंद्रीकरणाचा सामान्य माणसाला समजेल असा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, आणि प्रचारात तंत्रज्ञानाऐवजी तोच पुढे ठेवावा. निवडणूक आचारसंहितेच्या काळात नवी खाती देणे सरळ थांबवावे, समितीवरचा निम्मा ताण तेवढ्याने कमी होईल.

आणखी एक उदाहरण पदाधिकाऱ्यांना दाखवण्यासारखे आहे. युरोपीय संघाच्या संस्थांसाठी एप्रिल २०२२ मध्ये ईयू व्हॉइस नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. तो उत्तम चालत असूनही पुढची जबाबदारी घेणारी संस्था न मिळाल्यामुळे मे २०२४ मध्ये बंद करावा लागला. पैसा आणि तंत्रज्ञ दोन्ही असलेल्या ठिकाणी हे घडते, तर आपण मालकीचा प्रश्न सर्व्हर विकत घेण्याआधी सोडवला पाहिजे.


मांजराकाठ, लातूर

तेरणेकाठ साहेब, समितीची रचना आणि लेखी निकाल या दोन्ही गोष्टी आम्ही ग्रंथालयाच्या कार्यकारिणीपुढे मांडतो. डोमेन संस्थेच्या नावावर घेऊन सोयाबीन आणि तुरीच्या माहितीचे संकेतस्थळ आधी उभे करू, त्यावर ॲक्टिव्हिटीपबचे प्लगइन लावू आणि पुढच्या खरिपात दुवे व्हॉट्सॲप गटांत टाकू. स्वतंत्र सर्व्हरचा निर्णय समिती प्रत्यक्ष बसल्यानंतरच घेऊ. भाषांतराच्या कामासाठी आमच्याकडून दोन शिक्षक तयार आहेत.

बिंदुसरा ताई, बचत गटांना खाजगी संदेशांविषयी आपण जे सांगता ते लेखी पत्रकाच्या स्वरूपात असेल तर आम्हाला पाठवाल का?


बिंदुसरा, बीड

पत्रक आहे, पाठवते. ते ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांसाठी लिहिलेले असल्यामुळे त्यातील उदाहरणे मुकादम आणि उचलीची आहेत; शेतकऱ्यांसाठी वापरताना ती बदलून कृषी सेवा केंद्राची उधारी आणि पीक विम्याची घ्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवण्याचा परिच्छेद मात्र जसाच्या तसा राहू द्या. भाषांतराच्या शिक्षकांना नोंदणीच्या पडद्यापासून सुरुवात करायला सांगा, कारण ईमेल पक्की करण्याची सूचना ज्या वाक्यात आहे तेथेच आमच्याकडील सर्वांत जास्त बायका थांबल्या होत्या.